चमचाभर पाण्याची परीक्षा

पाणी जरा घट्ट असतं तर बरं झालं असतं, असं मला त्या वर्षभर वाटत होतं. वरणासारखं, निदान ताकासारखं. पाणी फार पटकन घशाशी पोचतं आणि घशाला तयार व्हायला वेळच देत नाही, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, पक्षाघाताचा झटका आला तो सकाळी दाढी करताना. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धवट राहिला आणि बोलणं जवळजवळ सगळं गेलं. दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की, गिळण्याचे स्नायूही नीट चालत नाहीत. तोंडाने दिलेलं पाणी पोटात जायच्या ऐवजी फुप्फुसात उतरू शकतं, त्याने न्यूमोनिया होतो आणि ह्या वयात तो जिवावर बेततो.

"पण ठसका लागला की कळेल ना?" मी विचारलं.

"लागला तर कळेल. काहींना लागतच नाही. गुपचूप उतरतं."

तो 'गुपचूप' शब्द घेऊनच मी ह्यांना घरी आणलं. नाकात नळी होती, तोंडाने पाण्याचा थेंबही द्यायचा नव्हता. सकाळ-संध्याकाळ मी त्या नळीतून गाळलेलं वरण, दूध, पाणी सोडायची. गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीतला आमचा फ्लॅट लहान आहे, स्वयंपाकघरातलं सगळं हॉलमधल्या पलंगावरून दिसतं. मी फिल्टरचा नळ ते झोपले असतानाच उघडायची. माझा पाण्याचा तांब्या मी बाल्कनीत कपड्यांच्या टोपल्यामागे ठेवत असे आणि तिथेच उभी राहून पीत असे. आम्हाला मूलबाळ नाही. त्यामुळे ही लपवाछपवी बघायलाही घरात कोणी नव्हतं.

बोलण्यातला एक शब्द शिल्लक होता, 'हो'. भूक लागली का, हो. पोट भरलं का, हो. दुखतंय का, हो. दुखत नाही ना, हो. डोळ्यांवरून, डाव्या हातावरून अंदाज बांधायचा आणि तो चुकायचा. त्यांच्या 'हो'वर मला भरवसा ठेवता येत नव्हता. खोकल्यावर मात्र येत होता. खोकला मेंदूला विचारून येत नाही, अशी माझी तेव्हा समजूत होती. रात्री खोकला ऐकू आला की मी धसकून उठायची, आणि ऐकू आला नाही की 'गुपचूप' आठवून उठायची.

दवाखान्यातल्याच कोणी तरी सुचवलं म्हणून आम्ही स्पीच थेरपी शिकवणाऱ्या एका कॉलेजच्या क्लिनिकमध्ये जाऊ लागलो; बोलण्याबरोबर गिळण्याचे उपचारही त्यातच येतात. तिथे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी पेशंट बघतात आणि त्यांच्या मॅडम त्यांच्यावर नजर ठेवतात. आमच्या वाट्याला सटाण्याकडची एक मुलगी आली. बारीक अंगाची, वेणी घट्ट घातलेली. पहिल्याच दिवशी ह्यांच्या गळ्यावर तिने चार बोटं ठेवली आणि ती बोटं थरथरताना मला लांबून दिसली. मी मॅडमना म्हटलं, "दुसरं कोणी नाही का? ही फार घाबरते."

"घाबरते म्हणून तर तिला दिलंय," मॅडम म्हणाल्या. "जी घाबरत नाही तिच्या हातात मी अजून चमचाच दिलेला नाही."

ह्या उत्तराने मला धीर यायला हवा होता. आला नाही. इथे भीती हाच अभ्यासाचा विषय आहे असं काहीतरी त्या दिवशी ध्यानात आलं.

मॅडमची शिकवायची पद्धत निराळी होती. पेशंटला भरवण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याने दुसऱ्याच्या हातून भरवून घ्यायचं, डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून आणि एक अक्षरही न बोलता. एका दुपारी आम्ही लवकर पोचलो तर वर्गात हेच चाललं होतं. मुली जोड्याजोड्यांनी समोरासमोर बसल्या होत्या, मध्ये दह्याच्या आणि पाण्याच्या वाट्या.

"ए, केवढा मोठा चमचा! मी काय म्हैस आहे का?"

"पेशंट बोलत नसतो. गप बस आणि तोंड उघड."

"डोळे मिटलेत म्हणून मीठ घालू नकोस हां, तुझा काय नेम नाही."

सगळ्या हसल्या. मॅडमनी आवाज न चढवता विचारलं, "आत्ता हसताना कोणाकोणाच्या तोंडात घास होता? त्यांनी मला सांगायचं, तो आता कुठे आहे."

हसू एकदम थांबलं. दोघींनी गळ्याला हात लावला.

मग मॅडम माझ्याकडे वळल्या. "काकू, तुम्हीही बसा. घरी भरवायची वेळ आली तर तुम्हीच भरवणार आहात."

मी आमच्या वाट्याला आलेल्या त्या मुलीसमोर बसले. डोळे मिटले. चमचा कधी येणार ते कळत नाही, ह्याची मला कल्पनाच नव्हती. ओठाला थंड स्टील लागलं तेव्हा मी दचकले. मॅडमच्या सांगण्यावरून तिने माझी मान हलकेच मागे केली, आजारी माणसाला उशीवर पाडून आपण पाजतो ना, तशी, आणि पाणी सोडलं. ते पाणी माझ्या आधी माझ्या घशात पोचलं. मला जोराचा ठसका लागला, डोळे उघडले, सगळ्या वर्गासमोर मी खोकत राहिले आणि ती मुलगी "माय वं, काकू, सॉरी, सॉरी" करत माझी पाठ चोळत राहिली. माझं सगळं शरीर शाबूत असताना हे झालं होतं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते दाराशी व्हीलचेअरमध्ये बसून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. ते पाण्याच्या वाटीकडे बघत होते.

उपचार चालत त्या खोलीच्या एका भिंतीत मोठा आरसा होता. पलीकडे एक लहान अंधारी खोली. तिथून आरशातून आरपार दिसायचं आणि छोट्या स्पीकरवर आतलं बोलणं ऐकू यायचं. नातेवाईकांनी तिथे मॅडमबरोबर बसायचं. नियम एकच, दार उघडून आत जायचं नाही. "तुम्ही आत आलात की पेशंट तुमच्याकडे बघतो आणि मी आत गेले की विद्यार्थी माझ्याकडे बघतो. मग चमच्याकडे कोणी बघत नाही," असं मॅडम म्हणत. आठवड्यातून तीनदा मी त्या अंधारात बसून माझ्या नवऱ्याला बघत असे. मध्येच ते आरशात बघून डाव्या हाताने केस सारखे करत. ते थेट माझ्या डोळ्यांत बघत असायचे आणि त्यांना मी दिसत नसायची.

ती मुलगी दह्याचा पाव चमचा द्यायची. गळ्यावर बोटं ठेवून घाटी, म्हणजे कंठाचा उंचवटा, वर सरकली का ते बघायची आणि म्हणायची, "सर, आ म्हणा." ह्यांनी आयुष्यभर मुलांना शिकवलं हे कळल्यापासून ती त्यांना सरच म्हणे. गिळल्यावर आवाज स्वच्छ आला तर घास खाली गेला. आवाजात पाणी खळखळल्यासारखं वाटलं तर घास वर कुठेतरी अडकलाय, पुढचा चमचा द्यायचा नाही. हे 'आ' ते दर वेळी म्हणत, मोठ्याने, जरा अभिमानानेसुद्धा. हळूहळू घट्ट दही जमू लागलं. पाणी मात्र अजून कोणी देऊन पाहिलं नव्हतं.

त्याच सुमारास येवल्याहून वन्सं आल्या, ह्यांची धाकटी बहीण. येताना त्र्यंबकला जाऊन आल्या होत्या आणि पिशवीतून त्यांनी पाण्याची लहान बाटली काढली.

"वहिनी, कुशावर्तातलं तीर्थ हाय. दोन थेंब घाला दादाच्या तोंडात."

"नको वन्सं. कपाळाला लावा."

"कपाळाला लावायला ते काय गंध हाय? तोंडातच घालायचं असतं. घेतोस ना रे दादा?"

"हो," हे म्हणाले.

"बघा! त्यो हो म्हणतोय."

"ते सगळ्यालाच हो म्हणतात."

"तुम्ही लय पुस्तकं वाचली वहिनी. माणसाला तहानेलं ठेवायचं कुठल्या पुस्तकात लिव्हलंय, ते तरी दाखवा." असं म्हणून त्यांनी बोटं ओली केली आणि ह्यांच्या कपाळाला लावली. एक थेंब नाकावरून नळीच्या कडेने खाली ओघळला. ह्यांची जीभ बाहेर आली, त्या थेंबाच्या दिशेने. मी तो पदराने टिपला. वन्सं भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि त्यांची पाठ हलत राहिली. मला त्यांचं तोंड बघायची भीती वाटत होती, ह्यांचं तर त्याहून जास्त.

उन्हाळ्यात मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं. आमच्या त्या सटाण्याच्या मुलीची शेवटची प्रॅक्टिकल परीक्षा होती. परीक्षेला प्रत्येकीला एक खराखुरा पेशंट लागतो, आणि तिला ह्यांना घ्यायचं होतं. पुण्याहून ज्या बाई एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरच्या परीक्षक, म्हणून येणार होत्या त्यांचा गिळण्याच्या आजारांचा मोठा अनुभव होता. नळी काढायची का, हे त्या बघून सांगू शकल्या असत्या.

"पाणी देणार?" मी विचारलं.

"अर्धा चमचा. नर्स, घशातलं ओढून काढायचं सक्शनचं मशीन, सगळं शेजारी असेल. तुम्ही नाही म्हणालात तर मी दुसरा पेशंट बघेन. तिला काही सांगणारही नाही."

मला नाही म्हणायचं होतं. मी घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं, आणि ते "हो" म्हणाले. त्या 'हो'ला काही अर्थ नव्हता. पण परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी डाव्या हाताने कपाटाकडे खूण केली. मी एकेक कपडा काढून दाखवत गेले, ते मान हलवत गेले. शेवटी पांढरा पूर्ण बाहीचा शर्ट काढला तेव्हा मान थांबली. मग खिशाकडे बोट. मी पेन लावलं.

तो शर्ट मी ओळखते. येवल्यात आम्ही दोघं एकाच संस्थेत नोकरीला होतो. मी ग्रंथालयात, हे ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. बारावीच्या प्रॅक्टिकलला दुसऱ्या गावचे एक्स्टर्नल येत त्या दिवशी हे असा शर्ट घालत. आपल्या भागात प्रॅक्टिकल कसं होतं हे ज्याला माहीत आहे त्याला जास्त सांगायला नको. आलेल्या पाहुण्यांना गरम भजी, चहा, खुशालीच्या गप्पा, आणि तेवढ्यात आपल्या पोरांचं जरा निभावून न्यायचं. लेखी परीक्षेत हे कमालीचे कडक होते, कॉपी धरली तर हेडमास्तरांचंही ऐकायचे नाहीत. पण "लेखी ज्याचं त्याचं, प्रॅक्टिकलला मात्र पोरगं माझं," असं म्हणायचे. एक्स्टर्नलच्या मागे उभं राहून ते खुणा करत. मुलाने ओळखलेला क्षार बरोबर असेल तर शर्टाच्या वरच्या बटणाला हात. चुकलं असेल तर चष्म्याला. सगळ्या वर्गाला ते माहीत होतं, बहुधा एक्स्टर्नललाही.

परीक्षेच्या दिवशी पुण्याच्या बाई खोलीच्या कोपऱ्यात टेबलाशी बसल्या होत्या. मध्यम वयाच्या, चष्मा साखळीला अडकवलेला, समोर कागद. त्यांना बघताच हे व्हीलचेअरमध्ये ताठ झाले. डाव्या हाताने त्यांनी नमस्कार केला. मी आरशामागच्या खोलीत मॅडमच्या शेजारी होते. ह्यांचा तो चेहरा मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. मला बरं वाटलं, क्षणभर.

मुलीचा आवाज चिरकत होता. तिने ह्यांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं, दह्याचा पाव चमचा दिला, गळ्यावर बोटं ठेवली. "सर, आ म्हणा." हे "आ" म्हणाले, स्वच्छ. पुन्हा दही, पुन्हा "आ". पुण्याच्या बाई मान वर न करता म्हणाल्या, "आता पाणी."

अर्धा चमचा पाणी. चमचा ओठातून बाहेर आला. गळ्याची घाटी वर सरकली, पण उशिरा. मला आरशामागूनही ते उशिरा वाटलं. आणि मग काहीच झालं नाही.

ते अगदी स्तब्ध बसले होते. गरजेपेक्षा जास्त स्तब्ध.

माझी सगळी नोकरी वाचनकक्षात गेली. 'शांतता राखा' अशा पाटीखाली माणसं खोकला कसा दाबतात हे मी रोज पाहिलंय. आधी ओठ घट्ट होतात. मग खांदे किंचित वर जातात आणि तिथेच राहतात. कान लाल होतात, डोळ्यांत पाणी येतं आणि माणूस पुस्तकाचं एकच पान बघत बसतो. हे समोरच्या भिंतीकडे बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते.

"सर, आ म्हणा," मुलगी म्हणाली.

त्यांनी ओठ न उघडता हसून मान हलवली.

"सर? आ?"

त्यांनी डावा हात उचलला आणि शर्टाच्या वरच्या बटणाला लावला.

बरोबर असल्याची तीच जुनी खूण. त्यांना वाटत होतं, आपण नीट गिळलं तर पोर पास होईल आणि आपल्याला ठसका लागला तर तिचं प्रॅक्टिकल बिघडेल. समोर एक्स्टर्नल बसल्या होत्या आणि पोरगी त्यांची होती. जो एकच आवाज मला खरं सांगत होता, तोच ते तिच्यासाठी दाबून बसले होते. 'आ' म्हणायला तोंड उघडलं असतं तर खोकला बाहेर पडला असता, म्हणून तेही म्हणत नव्हते.

"मॅडम, ते खोकला दाबताहेत," मी म्हणाले.

"दिसतंय मला." मॅडमचे डोळे काचेवरून हलले नाहीत. "तिला दिसू दे."

"पाणी आत उतरेल हो."

"अर्धा चमचा आहे, काकू. आज तिचं तिला दिसलं नाही, तर पुढे मी नसेन तिथेही दिसणार नाही. थोडं थांबा."

मॅडम चुकत नव्हत्या. मला तेव्हाही ते कळत होतं. पण ज्याच्यावर तिने शिकायचं होतं तो माझा नवरा होता. स्पीकरमधून पुण्याच्या बाईंचा आवाज आला, "हं, दुसरा चमचा."

मुलीने चमचा वाटीत बुडवला आणि उचलला.

मी दार उघडलं. त्या खोलीतून बाहेर यायचं, पॅसेज ओलांडून वळायचं आणि मग उपचाराच्या खोलीचं दार. एवढंसंच अंतर, पण त्यात ना आतलं काही दिसत होतं, ना ऐकू येत होतं. पॅसेजमध्ये बाकावर एक आई लहान मुलाला घेऊन बसली होती. तिने मला वाट द्यायला पाय आत घेतले. मला वाटलं, मी पोचेन तेव्हा सगळं होऊन गेलेलं असेल, आणि तेही गुपचूप.

मी दार ढकललं तेव्हा चमचा परत वाटीत होता. मुलगी ह्यांच्या पुढ्यात जमिनीवर उकिडवी बसली होती. त्यांची आवळलेली मूठ तिने दोन्ही हातांत धरली होती.

"खोका ना सर," ती म्हणत होती. "मार्क तुमच्या गिळण्याचे नाहीत, मला ते ओळखता येतं का त्याचे आहेत. तुम्ही दाबून धरलंत तर मी नापास होईन हो. खोका."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग कोपऱ्यातल्या बाईंकडे. बाईंनी मान डोलावली. आणि ते खोकले.

तो खोकला थांबेना. आधी बारीक, मग आतून खेचून आणल्यासारखा, मग असा की चेहरा जांभळट झाला. बोटाचं यंत्र टूं टूं करू लागलं आणि त्याच्यावरचा आकडा उतरू लागला. मुलीने त्यांना पुढे वाकवलं, एक हात छातीला, एक पाठीला. नर्स सक्शनची नळी घेऊन आली. मुलगी आता मराठीत बोलत नव्हती, तिच्या गावच्या अहिराणीत काहीबाही पुटपुटत होती. फक्त हात स्थिर होते. मी दारात खिळले होते. मला पुढे जायची भीती वाटत होती आणि मागे फिरायचीही.

आकडा थांबला. मग एकेक करत चढला. ह्यांनी डोळे उघडले.

पुण्याच्या बाई उठून जवळ आल्या. त्यांनी आधी ह्यांच्या छातीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं. मग मुलीला विचारलं, "कशावरून कळलं?"

"सर दर वेळी आ म्हणतात, मॅम. आज न म्हणायला काही कारण नव्हतं. आणि कान."

"मग दुसरा चमचा का उचललास?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून."

"मी सांगेन. उद्या डॉक्टर सांगतील, घरचे सांगतील, पेशंट स्वतः सांगेल. काय करायचं?"

"खाली ठेवायचा."

"हं," बाई म्हणाल्या आणि जाऊन जागेवर बसल्या.

निकाल आम्हाला लगेच कळला, म्हणजे ह्यांचा. पाणी तोंडाने नाही. नळी राहणार. दही किंवा मिक्सरमधून काढलेला गुरगुट्या भात घरी द्यायला हरकत नाही, बसवून, थोडा थोडा. परत येताना रिक्षात ह्यांनी तोंड फिरवून घेतलं होतं. अशोक स्तंभापर्यंत मी बोलतच होते, "ती पास होईल, तुमच्यामुळे काही बिघडलं नाही." ते शेवटी "हो" म्हणाले, पण भाजीवाल्याला म्हणावं तसं.

त्यानंतर त्यांनी तोंड उघडायचंच बंद केलं. दह्याचा चमचा ओठाशी नेला की मान फिरवत. मी विनवलं, रागावले, एकदा रडलेसुद्धा. आता मला वेगळीच भीती घेरू लागली. गिळता येत असूनही हे गिळणार नाहीत आणि आपण नापास केलेल्या एका पोरीचं ओझं घेऊन असेच पडून राहतील. खरं काय ते त्यांना पटवायला माझ्याकडे शब्दच होते, आणि शब्दांचंच त्यांच्याशी बिनसलं होतं.

निकाल लागला त्या दिवशी मुलगी घरी आली. हातात पेढ्यांचा बॉक्स. तिने ह्यांच्या पायाला हात लावला आणि फोनवरचा निकाल त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. त्यांनी खुणेने चष्मा मागितला. बराच वेळ वाचलं, बोटाने खाली-वर करून. मग बॉक्समधला एक पेढा डाव्या हाताने उचलला. मी पुढे झाले. त्यांनी तो तिच्या तोंडात घातला, आणि ती चावत असताना तिच्या गळ्याकडे बघत राहिले, गिळेपर्यंत.

"आ म्हणू का सर?" ती म्हणाली. ते हसले, आवाज काढून.

त्या दिवसापासून ते पुन्हा घास घेऊ लागले आणि ती त्यांना खोकायला शिकवू लागली. घास गिळला की मुद्दाम, पोटातून, मोठ्याने खोकायचं, काही अडकलं असेल तर वर यावं म्हणून. आयुष्यभर वर्गात शांतता मागितलेल्या माणसाला हे जमायला वेळ लागला. पुढे ते इतक्या जोरात खोकत की खालच्या मजल्यावरच्या वहिनी विचारून गेल्या, "सरांना बरं नाही का?" मी म्हटलं, "बरं आहे म्हणूनच खोकताहेत." त्यांना काही कळलं नाही. मी रोज दोन वेळा त्यांना भरवत असे आणि दोन्ही वेळा माझे हात थरथरत असत. ते शेवटपर्यंत थांबलं नाही.

पौषात ते गेले. न्यूमोनियानेच. डॉक्टर म्हणाले, इतके महिने पडून असलेल्या माणसाला थंडीत होतो, घासामुळेच झाला असं म्हणता येत नाही. 'म्हणता येत नाही' म्हणजे काय, हे मी त्यांना विचारलं नाही. घरी आल्यावर मात्र मी एकेक चमचा आठवू लागले. कुठल्या संध्याकाळी त्यांची मान जरा मागे होती, कुठल्या दिवशी भात पातळ झाला होता, कधी मी टीव्हीकडे बघत होते. मी अजून आठवते आहे. हे लिहिताना मध्ये बरेच दिवस गेले ते त्यामुळेच.

परवा दुपारी न राहवून मी त्या मुलीला फोन केला. ती आता मालेगावच्या एका दवाखान्यात आहे. मी तिला विचारलं जे कोणालाच विचारलं नव्हतं, माझ्या हातून काही फुप्फुसात गेलं असेल का?

तिने विचारलं, शेवटच्या आठवड्यात सर घासानंतर खोकत होते का? मोठ्याने? आवाज स्वच्छ होता का? भात किती घट्ट? मी सांगत गेले.

"काकू, मला माहीत नाही," ती शेवटी म्हणाली. "नाही म्हटलं तर तुम्हाला बरं वाटेल. पण मला खरंच माहीत नाही. मी इथे रोज कोणाला ना कोणाला भरवते, आणि रात्री मलाही असंच वाटतं."

मला हुंदका आला. तिला तो ऐकू गेला असावा.

"काकू, तुम्ही जेवत होतात का? तोंडात काही आहे?"

होतं. ताटावरूनच मी फोन लावला होता आणि पोळीचा घास गालात तसाच राहिला होता.

"मग रडू नका आत्ता. ताठ बसा. आधी घास संपवा," ती म्हणाली. "मी थांबते फोनवर."

मी ताठ बसले, डोळे पुसले आणि हळूहळू चावू लागले. पलीकडून दवाखान्यातल्या ट्रॉल्यांचा आवाज येत होता.

"गेला?" तिने विचारलं.

"गेला."

"बरं. आता बोला."